वही कधी बदलायची?

२०१७च्या सप्टेंबरात तासगावकडचे एक दुकानदार आमच्या दुकानात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत, चहा सांगितला तर नको म्हणाले. खिशातून चार घड्यांची एक पावती काढून त्यांनी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "ही सही तुमच्या दिवाणजींचीच आहे ना?"

सही दिवाणजींचीच होती. रक्कम ११,४०० रुपये, तारीख मे महिन्यातली. याच ११,४०० रुपयांची आठवण करून देणारे दोन मेसेज आमच्या नव्या सॉफ्टवेअरने त्यांना आठवड्याभरात पाठवले होते. दुसऱ्या मेसेजच्या शेवटी 'अन्यथा पुढील माल देता येणार नाही' असं वाक्य होतं. ते मीच टाइप करून ठेवलं होतं.

हे गृहस्थ आजोबांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. बाबांनी हात जोडले, मीही माफी मागितली. ते "असू दे" म्हणाले आणि गेले. त्यानंतर त्यांनी आमच्याकडून एक वहीसुद्धा घेतली नाही.

धंद्याचं सॉफ्टवेअर कधी बदलावं, हा प्रश्न ऐकायला कोरडा वाटतो. पण तुमच्यापैकी कुणी हिंजवडीत बसून परदेशातल्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं बदलत असेल, कुणाच्या घरी दुकान किंवा कारखाना असेल, तर तो कधी ना कधी तुमच्यासमोर येणारच. या प्रश्नाला बराच जुना इतिहास आहे. मी तो चूक केल्यानंतर वाचला. आधी वाचायला हवा होता.

आजोबांचा पाडवा

आमचा धंदा सांगलीत, वह्या बनवण्याचा. शाळेच्या वह्या तर आहेतच, पण आजोबांचं नाव झालं ते लाल खारव्यात बांधलेल्या हिशेबाच्या लांब वह्यांमुळे. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. जिल्ह्यातले व्यापारी, अडते, सोनार रोजकीर्द आणि खतावणी न्यायला यायचे. रोजकीर्द म्हणजे दिवसभराचे व्यवहार जसे घडले तसे लिहायची वही. त्यातली प्रत्येक रक्कम मग ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवायची, ती खतावणी. हे शब्द आपल्याकडे फार जुने आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतल्या रोजकीर्दींचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत.

कागदी वहीच्या जमान्यात 'कधी बदलायची' हा प्रश्न कुणी विचारतच नसे. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा, पाडव्याला पहिली नोंद. दिवस ठरलेला होता आणि तो निव्वळ धार्मिक नव्हता. पाऊस संपलेला, रस्ते उघडलेले, खरिपाचं पीक हाती येऊन शेतकऱ्याकडे पैसा आलेला. उधारी वसूल होण्याचा आणि माल मोजून होण्याचा वर्षातला तोच काळ.

आजोबा काय करायचे, ते मला बाबांनी सांगितलं. दसऱ्यानंतर माणसं तालुक्यातालुक्यांत फिरायची. ती वसुली करायची आणि ज्याचे पैसे राहिले त्याच्याकडून बाकी कबूल करून घ्यायची. गोदामातला माल मोजला जायचा. मग तेरीज जुळवायची, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमेची आणि नावेची बेरीज सारखी येते का ते पाहायचं. ती जुळल्याशिवाय जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढायची नाही. आणि पाडवा झाला तरी जुनी वही माळ्यावर जायची नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत ती गादीशेजारीच असायची, कारण कुणीतरी जुना वाद घेऊन हमखास यायचं.

म्हणजे मोजदाद, कबुली, ताळा आणि काही दिवस दोन्ही वह्या शेजारी शेजारी. मोठमोठ्या कंपन्या सॉफ्टवेअर बदलताना सल्लागारांना कोट्यवधी रुपये देऊन जे करून घेतात, त्यातलं बरंचसं हेच आहे.

दिवाळी सरली, एप्रिल आला

ठरलेला दिवस मोडायला सुरुवात सरकारी कॅलेंडरने झाली. ब्रिटिश सरकारने १८६७ साली भारतातलं सरकारी आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून सुरू केलं. व्यापाऱ्यांना त्याची फारशी झळ लागली नाही. प्राप्तिकरासाठी आपलं हिशेबाचं वर्ष निवडायची मुभा त्यांना होती, त्यामुळे स्वातंत्र्यानंतरही अनेकांचं वर्ष दिवाळी ते दिवाळी चालायचं. १९८९-९० या आकारणी वर्षापासून ही मुभा गेली आणि सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चला संपू लागलं. पाडव्याला पूजा उरली, हिशेब एप्रिलकडे गेला.

आमच्यासारख्यांसाठी हा बदल छोटा नव्हता. शाळेच्या वह्या बनवणाऱ्याला मार्च-एप्रिलमध्ये श्वास घ्यायलाही फुरसत नसते. कागद येत असतो, आखणी, शिलाई, कटिंग दोन पाळ्यांत चालू असतं आणि मे-जूनमध्ये सगळा माल बाहेर पडतो. नेमक्या त्याच दिवसांत वही बंद करायची आणि नवी उघडायची.

याच सुमारास हिशेब कॉम्प्युटरवर जायला लागला. श्याम सुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचा हिशेब ठेवण्यासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचा मुलगा भरत गोएंका यांनी ते लिहिलं. १९८६ साली त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचं आणि सॉफ्टवेअरचं आजचं नाव टॅली. भरत गोएंकांना २०२० साली पद्मश्री मिळाली. ते यशस्वी होण्याचं एक कारण असं, की खात्यांना सांकेतिक आकडे द्यायची गरज नव्हती. वहीत लिहायचो तसं खात्याचं नाव लिहायचं. ज्याला खतावणी कळत होती, त्याला ते कळलं.

आमच्याकडे १९९६ साली कॉम्प्युटर आला. गावातल्याच एका प्रोग्रामरने फॉक्सप्रोमध्ये आमच्यापुरतं एक पॅकेज लिहून दिलं होतं, डॉसवर चालणारं. चाळिशीतले दिवाणजी दोन बोटांनी टायपिंग शिकले आणि त्या काळ्या पडद्यावर पुढची २१ वर्षं त्यांनी आमचा हिशेब ठेवला.

हे पॅकेज कधीच बिघडलं नाही. सॉफ्टवेअर यंत्रासारखं झिजत नाही. बदलतं ते त्याच्या आजूबाजूचं जग. १९९९मध्ये साल दोन आकड्यांत लिहिण्याचा प्रश्न आला, प्रोग्रामरने येऊन दुरुस्ती केली. १ एप्रिल २००५ला महाराष्ट्रात जुना विक्रीकर जाऊन व्हॅट आला, त्याने पुन्हा दुरुस्ती केली. नवी ६४-बिट विंडोज असे १६-बिट जुने प्रोग्रॅम चालवत नाही, म्हणून आम्ही जुनाच कॉम्प्युटर जपून ठेवला. ८ एप्रिल २०१४ला विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने काढून घेतला, तरी तो चालत राहिला. दर वेळी बाबा म्हणायचे, "चाललंय ना, मग चालू दे." मला तेव्हा ते आळशीपणाचं वाटायचं.

चॉकलेट गोदामात होतं

याच २१ वर्षांत अमेरिकेत एक गोष्ट घडली. सॉफ्टवेअर बदलण्याच्या इतिहासात तिचं नाव हमखास निघतं. हर्शी ही चॉकलेटची जुनी कंपनी. २०००चं साल उजाडण्याआधी आपली सगळी जुनी व्यवस्था बदलायची, असं तिने ठरवलं. खर्च ११.२ कोटी डॉलर. ऑर्डर, गोदामं, हिशेब, ग्राहकांची माहिती असं सगळं एकदम बदलायचं होतं आणि त्यासाठी तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं एकत्र जोडायची होती. अंदाज चार वर्षांचा होता, तो कापून ३० महिन्यांवर आणला. एप्रिल १९९९मध्ये सुरू व्हायचं ते जुलैवर गेलं.

जुलै म्हणजे काय, हे चॉकलेटवाल्याला विचारा. ३१ ऑक्टोबरला हॅलोविन, मग ख्रिसमस. दुकानदारांच्या मोठ्या ऑर्डरी उन्हाळा संपता संपता यायला लागतात. त्याच आठवड्यांत हर्शीची माणसं नवे पडदे शिकत होती. सुमारे १० कोटी डॉलरचा माल कंपनी वेळेवर पोचवू शकली नाही. त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला.

यातली बोचणारी गोष्ट अशी, की माल कमी पडला नव्हता. चॉकलेट बनलेलं होतं, गोदामात होतं. पण गर्दीच्या दिवसांत माल कुठेतरी तात्पुरता रचून ठेवायची तिथल्या माणसांची सवय होती आणि त्या जागा नव्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदल्याच गेल्या नव्हत्या. माणसांना माहीत होतं, सॉफ्टवेअरला माहीत नव्हतं.

याच हर्शीने २००२ साली त्या सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आणली, ११ महिन्यांत आणि ठरलेल्यापेक्षा कमी खर्चात. काम संपलं मे महिन्यात, हॅलोविन अजून दूर असताना. पहिल्या फेरीसारखा गोंधळ झाला नाही. सॉफ्टवेअर त्याच घराण्यातलं होतं. कंपनी मात्र एकदा पोळली होती.

माझी १ जुलै

३० जून २०१७च्या मध्यरात्री संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये जीएसटी सुरू झाला. तारीख देशाने ठरवली होती, ती बदलणं कुणाच्या हातात नव्हतं. आमच्या हातात एकच गोष्ट होती, त्या तारखेला नेमकं किती बदलायचं.

जुन्या पॅकेजच्या प्रोग्रामरने बाबांना सांगितलं होतं, "मी कर बदलून देतो, बाकी काही हलवू नका. दिवाळीनंतर सावकाश दुसरं घ्या." मी तेव्हा पुण्याहून एमबीए करून नुकतीच परत आले होते. मी म्हटलं, नाही तरी एवढं बदलायचंच आहे, तर एकदाच सगळं बदलू. सॉफ्टवेअर कोणतं होतं ते सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता.

एक अडचण तर आमच्या मालातच होती. जीएसटीत शाळेच्या वहीला १२ टक्के कर लागला आणि हिशेबाच्या वहीला १८ टक्के. दोन्ही वह्याच, कागदही तोच. पण सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रकाराची नोंद नव्याने करायची होती आणि बाहेर टेम्पो उभे होते.

खरी चूक याहून साधी होती. वर्षाच्या मध्येच सॉफ्टवेअर बदललं, त्यामुळे ३१ मार्चच्या बाक्या नव्यात आणल्या आणि एप्रिल ते जूनचे व्यवहार पावत्या बघून 'सवडीने' भरायचे ठरवलं. आमच्या धंद्यात सगळं वर्ष त्याच तीन महिन्यांत असतं. सवड मिळालीच नाही. काही पावत्या भरल्या, काही फायलीत राहिल्या. सॉफ्टवेअरला ज्या पावत्या माहीत होत्या, त्यांवरून त्याने इमानदारीने मेसेज पाठवले.

आणखी एक गोष्ट नव्या सॉफ्टवेअरमध्ये आलीच नाही. दिवाणजी जुन्या पॅकेजमध्ये प्रत्येक खात्याखाली शेरा लिहायचे. 'मुलीचं लग्न, दिवाळीनंतर देतील.' 'भावाभावांत वाटणी चालू, थोरल्याकडे मागू नये.' डेटा नेणाऱ्या मुलाने विचारलं, "मॅडम, हा टेक्स्ट लागेल का?" मी नको म्हणाले.

तासगावची पावती आली त्या दिवशी दिवाणजी मागच्या टेबलावर होते. सही त्यांची असल्यामुळे सगळ्यांत जास्त शरमिंदे तेच झाले. दिवाळीत वहीपूजन झाल्यावर ते बाबांना म्हणाले, "आता डोळ्यांना झेपत नाही." कुणी वाद घातला नाही. मीही नाही.

जुना कॉम्प्युटर आम्ही खालच्या गोदामात ठेवला, लागला तर बघायला. ऑगस्ट २०१९च्या महापुरात तो पाण्याखाली गेला. दिवाणजींच्या शेऱ्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

खाडाखोड दिसली पाहिजे

पुढचा बदलही तारीख घेऊनच आला. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांना असं हिशेबी सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक झालं, ज्यात कोणती नोंद कधी बदलली याची खूण राहते आणि ती सोय बंद करता येत नाही. दरम्यान आमचा धंदा प्रायव्हेट लिमिटेड झाला होता, म्हणजे नियम आम्हालाही लागू. आमचं २०१७चं सॉफ्टवेअर यात बसत नव्हतं.

नियम वाचताना मला आजोबांची वही आठवली. शिवलेली, पानांना आकडे घातलेली. पान फाडलं तर कळायचं, आकडा खोडला तर खालचा दिसायचा. सॉफ्टवेअरने हिशेब झटपट केला, पण खाडाखोड पुसून टाकायची सोयही दिली. कायद्याने आता वहीचा तो जुना गुण परत मागितला होता.

२०२२च्या ऑक्टोबरात मी विश्रामबागला दिवाणजींच्या घरी गेले. पाच वर्षांत पहिल्यांदा. नियम सांगितला आणि म्हटलं, "दिवाणजी, एक एप्रिलची तारीख आहे. तुम्ही काय केलं असतं?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, एप्रिलात तुमच्याकडे माणूस मोकळा असतो का?"

"नाही."

"मग एप्रिल कशाला? डिसेंबरात करा. दिवाळीचा माल गेलेला असतो, शाळेचा कागद आलेला नसतो. पोरं रिकामी बसून असतात, त्यांना मोजदादीला लावा. येणी फोनवर कबूल करून घेऊ नका, माणूस पाठवा. आणि जुनं मशीन लगेच बंद करू नका." जरा थांबून म्हणाले, "आणि या वेळी वरच्या मजल्यावर ठेवा."

मी त्यांना आठवड्यातून दोन दिवस येण्याबद्दल विचारलं. त्यांनी हसून नकार दिला आणि नातवाची शाळेची वही दाखवली. दुसऱ्या कंपनीची होती.

आम्ही डिसेंबर २०२२च्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली. चार महिने प्रत्येक नोंद दोन्हीकडे. काम दुप्पट झालं, मुलं कुरकुरली. दर शनिवारी संध्याकाळी दोन्हीकडच्या तेरजा शेजारी ठेवून पाहायच्या. दुसऱ्याच शनिवारी फरक निघाला. शाळेच्या वहीचा एक प्रकार नव्या सॉफ्टवेअरमध्ये चुकून १८ टक्क्यांत पडला होता. डिसेंबरात त्या वहीची जेमतेम नऊ बिलं होती. जूनमध्ये तीच चूक शेकडो बिलांत गेली असती.

३१ मार्चला जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ष बंद केलं आणि १ एप्रिल २०२३पासून एकट्या नव्यावर आलो. त्या दिवशी काहीच घडलं नाही. टेम्पो आले, भरले, गेले.

दोन तारखा

हे सगळं एकत्र ठेवल्यावर मला दिसतं ते असं. या निर्णयात तारखा दोन असतात. एक बाहेरून येते, कायद्याकडून किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडून. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. एसएपी या जर्मन कंपनीने आपल्या जुन्या सॉफ्टवेअरचा नेहमीचा आधार २०२५मध्ये थांबेल असं सांगितलं होतं, मग फेब्रुवारी २०२०मध्ये ती मुदत २०२७च्या अखेरीपर्यंत वाढवली. हिंजवडीतल्या अनेकांचा पगार आज या एका तारखेवर चालतो. दुसरी तारीख आपल्या धंद्यातून येते. आपली माणसं केव्हा मोकळी असतात, आपला माल केव्हा कमी असतो, हे वाण्याचं वेगळं, चॉकलेटवाल्याचं वेगळं, वहीवाल्याचं वेगळं. बदल दुसऱ्या तारखेला सुरू करायचा, म्हणजे पहिली तारीख येईपर्यंत तो जुना झालेला असतो.

बाबांचं 'चाललंय ना, मग चालू दे' हे अर्धं बरोबर होतं. डॉसवरचं पॅकेज २१ वर्षं चालवलं म्हणून आमचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते निर्णय १ जुलैपर्यंत लांबवल्यामुळे आणि मग कर, सॉफ्टवेअर, बाक्या असं सगळं मी एकाच रात्रीत बदलायला गेले म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ला शाळेच्या वहीवरचा जीएसटी शून्य झाला, हिशेबाच्या वहीवर १८ टक्के तसाच राहिला. निर्णय जाहीर झाला ३ सप्टेंबरला, हाती तीन आठवडेही नव्हते. पण या वेळी फक्त दर बदलायचा होता. एका संध्याकाळी दर बदलले, गोदामातल्या कागदावर भरलेल्या कराचा हिशेब वेगळा काढला आणि घरी जेवायला गेलो.

आता प्रत्येक खात्याखाली शेरा लिहायचा, असा दुकानात नियम आहे. दिवाणजींइतके नेमके शेरे आम्हाला जमत नाहीत. तासगावचं खातं मी बंद केलेलं नाही. बाकी शून्य दाखवतं आणि खाली शेरा आहे : 'चूक आपली. पैसे मेमध्येच मिळालेले.'

नव्या सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात गेले काही दिवस एक पट्टी येते : नवी आवृत्ती उपलब्ध आहे, आत्ता घ्यायची का? सध्या मे महिना चालू आहे. मी 'नंतर' दाबते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर डिसेंबराच्या पानावर पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.